तीन पिढ्यांच्या पलीकडे

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की अनेक घरांत एक प्रसंग दरवर्षी घडतो. पाटावर बसलेल्या यजमानाला गुरुजी विचारतात, "वडिलांचे नाव? आजोबांचे? पणजोबांचे?" पहिली दोन नावे झटकन येतात. तिसऱ्या नावाशी यजमान अडखळतो. कोणी खिशातून जुनी चिठ्ठी काढतो, कोणी भ्रमणध्वनीत जपून ठेवलेले टिपण शोधतो, कोणी दाराशी बसलेल्या वृद्ध आत्याबाईंकडे पाहतो. मग मातृत्रयीची पाळी येते. पणजीचे नाव विचारताच आत्याबाईही क्षणभर गप्प होतात. माहेरचे होते ते नाव सांगायचे की सासरचे, असा त्यांना प्रश्न पडतो. कारण सासरचे तेवढे त्यांनी ऐकलेले असते आणि तेही नीट आठवत नाही. विधी पुढे सरकतो. एक नाव मात्र त्या दिवशी आणखी थोडे पुसले जाते.

छत्रपतींच्या घराण्याची वंशावळ आपल्याला मुखोद्गत असते. पेशव्यांचा क्रम शाळकरी मुलालाही सांगता येतो. रघुकुलाच्या पिढ्या कीर्तनातून कानांवर पडलेल्या असतात. परंतु ज्यांच्या पोटी आपण जन्मलो, ज्यांनी दुष्काळात बियाणे राखले, साथीच्या तापात मुले जगवली आणि कर्ज काढून का होईना पुढच्या पिढीला अक्षरओळख करून दिली, त्यांच्याविषयी आपले ज्ञान तीन नावांपाशी संपते. हा कोणाचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. ही आपल्या सर्वांची स्थिती आहे. ती पालटता येते आणि पालटायला फारसे काही लागत नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. लागते ती एक वही, थोडी चिकाटी आणि जे सापडेल ते खरे म्हणून स्वीकारण्याची तयारी. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, याचा उलगडा पुढे होईल.

कुलेतिहासाचा शोध घेऊ पाहणारे बहुतेक जण पहिली चूक आरंभीच करतात. ते दूरच्या टोकापासून सुरुवात करतात. आपल्या आडनावाचा कोणी सरदार, कारभारी किंवा संत इतिहासात सापडतो आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची साखळी जुळवण्याचा खटाटोप सुरू होतो. हा मार्ग हमखास फसवतो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देशमुख ही मुळात वतनांची नावे. ती गावोगावी, निरनिराळ्या घराण्यांकडे आणि निरनिराळ्या जातींत आढळतात. गावावरून पडलेली 'कर'प्रत्ययी आडनावे एका गावातून बाहेर पडलेल्या परस्परांशी असंबद्ध कुळांनाही लागली. अठराव्या शतकातील कागदांत तर पुष्कळदा आडनाव नसतेच. असते ते स्वतःचे नाव, 'बिन' म्हणून बापाचे नाव आणि गावाचा उल्लेख. तेव्हा केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जुळत नाही. शोध करायचा तो ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आज आपण जेथे उभे आहोत तेथून एकेक पायरी मागे जायचे आणि प्रत्येक पायरीला आधार आहे की नाही हे तपासून मगच पुढचे पाऊल टाकायचे.

पहिला आधार घरातली वडील माणसे. त्यांना 'घराण्याचा इतिहास सांगा' असे म्हटले तर ती संकोचतात. इतिहास म्हणजे लढाया, असा आपला सर्वांचाच समज असतो. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. तुमच्या लग्नाला कोण कोण आले होते? वरात कोणत्या गावाहून निघाली? विहिरीवर पाणी भरायला कोण जात असे? घरात कोणाला वाचता येत होते? आजारपणात कोणाकडे पाठवत? अशा प्रश्नांतून माणसे, गावे, सोयरिकी आणि पडझडीची वर्षे आपोआप बाहेर येतात. ऐकलेले त्याच दिवशी लिहावे. कोणी, केव्हा आणि कोठे सांगितले तेही लिहावे. परवानगी घेऊन आवाज मुद्रित करून ठेवावा. आज प्रत्येकाच्या खिशात ते साधन आहे.

वडीलधाऱ्यांना आग्रह केल्याने काय हाती लागते, याचे मराठीतील लखलखीत उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. वरसईचे हे भिक्षुक घरावरील कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली काकांसह उत्तरेत गेले आणि त्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे अनेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि १९०७ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. वैद्यांनी आग्रह धरला नसता तर? आज आपण ज्याला सत्तावन सालच्या घडामोडींचे मोलाचे साधन मानतो, ते एका वृद्धाबरोबर निघून गेले असते. प्रत्येक घरात एक गोडसे भटजी असतो. उणीव असते ती वैद्यांची.

दुसरा आधार घरातल्या वस्तूंचा. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढावीत आणि त्यांवर कोरलेली नावे वाचावीत. कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात ते भांडे दिले हे त्यावर लिहिलेले असते. कित्येकदा लुप्त झालेल्या पणजीच्या नावाचा एकमेव पुरावा तिच्या घागरीच्या काठावर सापडतो. जन्मपत्रिकेत शक, तिथी, वार आणि आईवडिलांची नावे असतात. हाताने लिहिलेल्या पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिकाचे नाव आणि समाप्तीचा दिवस असतो. लग्नपत्रिका, छायाचित्रांची पाठ, दुकानाचा रोजमेळ, गहाणखत, पोस्टकार्डे यांतले काहीही निरुपयोगी नाही. श्राद्धतिथींची यादीही पाहावी. घराण्यात वर्ष विसरले जाते, पण तिथी टिकते. आणि तिथीला वाराची जोड मिळाली तर कोणते वर्ष असू शकेल, याचा अंदाज पंचांगावरून बांधता येतो.

घर संपले की गाव. जमीन असेल तर सातबारा हे दार आहे आणि फेरफाराची नोंदवही हे त्यामागचे दालन. खातेदार वारला, वारसांची नावे लागली, भावाभावांत वाटणी झाली, दत्तक घेतला, शेत गहाण पडले आणि सुटले. हे सारे फेरफारात क्रमाने नोंदलेले असते. कोतवाल बुक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. शंभर वर्षांहून जुन्या मराठी शाळांची जनरल रजिस्टरे पाहिली तर आजोबांच्या बालपणीच्या खुणा सापडतात. जातपडताळणीच्या निमित्ताने १९५०, १९६१ किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा शोधत हजारो कुटुंबांनी या वह्या उलगडल्या आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यावर तर तालुक्या-तालुक्यांत जुनी दप्तरे बाहेर काढली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या प्रश्नाची राजकीय बाजू येथे अप्रस्तुत आहे. आम्हांला एवढेच सुचवायचे आहे की, दाखल्यासाठी म्हणून जो कागद शोधला त्याची छायाप्रत जोडून प्रकरण मिटवू नये. त्या कागदावर ज्याचे नाव आहे तो आपला कोणीतरी आहे, हे ध्यानी घेऊन तो घरी आणावा आणि वहीत उतरवावा.

गावाबाहेरचे तिसरे दालन तीर्थक्षेत्रांचे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी स्वहस्ते केलेल्या सह्या असू शकतात. यात्रेला कोण आले, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या, मूळ गाव कोणते, हे त्यांत लिहिलेले असते. हरिद्वारच्या अशा वह्यांचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने त्या सूक्ष्मपटांवर उतरवून घेतल्या. सात समुद्रांपलीकडच्या माणसांना ज्यांचे मोल कळले त्या वह्या आपल्या वाटेवर असताना आपण फक्त दक्षिणेचा हिशेब करून परततो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातील शेतकरी घरांना हेळवी परिचित आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे, दारी येऊन ती नावे म्हणून दाखवणारे हे लोक म्हणजे चालतीबोलती दप्तरेच होत. त्यांना पसाभर धान्य देऊन वाटेला लावण्यापूर्वी एक दिवस बसवून घ्यावे आणि ते म्हणतात ते लिहून घ्यावे.

कुलदैवत हीदेखील एक नोंदच आहे. कोकणात किंवा कर्नाटकात चार-पाचशे वर्षे राहिलेल्या ज्या घरांचे दैवत गोमंतकात आहे, त्या घरांना आपल्या स्थलांतराची दिशा विचारायला दूर जावे लागत नाही. देवांनाही तेव्हा स्थलांतर करावे लागले होते. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुआरी नदीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला. देव नेले तशी माणसेही निघाली. लग्नानंतर जोडप्याने कुलदैवताला जाण्याची जी रीत आपण केवळ सहल म्हणून उरकतो, तिच्यात पूर्वजांचा पत्ता दडलेला असतो.

येथवर पोहोचलेल्या शोधकापुढे मग भिंत उभी राहते ती मोडीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी शाळांतून शिकवली जात होती, ती आज सुशिक्षित मराठी माणसाला परकी झाली आहे. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, लेखणी न उचलता ओळ सरकत जाते. परंतु ही भिंत दिसते तेवढी उंच नाही. मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात. पुढे सराव हाच गुरू. भाषा आपलीच असते आणि नमुन्याची वाक्ये पुन्हा पुन्हा येतात.

खरी गफलत होते ती कालगणनेत. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकलो. पानिपतचा संग्राम शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीला झाला. ७८ मिळवले तर १७६० येतात. प्रत्यक्षात तो दिवस १४ जानेवारी १७६१ होता. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि पौष-माघात इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून तेथे ७९ मिळवावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांत तर सुहूर सन असतो आणि तोही अरबी अंकवाचक शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यात ५९९ मिळवले की १७६० आणि पुढच्या इंग्रजी वर्षातील महिन्यांसाठी ६०० मिळवले की १७६१. एका वर्षाच्या चुकीनेही घटनांचा क्रम उलटा दिसू शकतो, म्हणून ही काटेकोर आकडेमोड टाळता येत नाही.

दुसरी गफलत नावांची. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल. त्यामुळे गोविंद महादेव आणि महादेव गोविंद अशी दोनच नावे सहा पिढ्या आलटून पालटून येतात. कोणता गोविंद कोणाचा, हे कागदाचे साल, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि गाव अशी चहूबाजूंनी पारख केल्याशिवाय ठरवता येत नाही. दत्तकविधान झाले असेल तर बापाचे नावच पालटते आणि जन्मदात्या घराचा धागा तुटलेला दिसतो. म्हणूनच तयार वंशावळ कोणी हाती दिली, मग ती छापील असो वा संगणकावरची, तरी तिच्या प्रत्येक नावापुढे 'आधार काय?' असे एकदा तरी विचारले पाहिजे.

ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या पेट्या आणि माळे धुंडाळून कागद गोळा करीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ या काळातील होती. आधी अस्सल कागद, मग मत, हा त्यांचा आग्रह. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. 'माझा प्रवास'चे मूळ हस्तलिखित पुढे याच मंडळाकडे आले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. त्यांतून निवडलेले ४५ भाग गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. वाट मळलेली आहे. आपण तिच्यावर पाऊल ठेवायचे आहे.

एकदा ते ठेवले की माणूस कसा गुंतत जातो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयातील एक निवृत्त पोस्टमास्तर. कृष्णाकाठच्या गावाहून तीन पिढ्यांपूर्वी पुण्यात आलेले घर. नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, म्हणून आजोबांनी कागद घेतला. नातवाचे काम दोन दिवसांत झाले. आजोबांचे सात वर्षे चालले. सुरुवातीला ते महिन्यातून एकदा गावी जात. मग दर शनिवारी पहाटेची एस.टी. ठरून गेली. साठी उलटल्यावर त्यांनी मोडीच्या वर्गात नाव घातले. घरात भाजी आणायला सांगितली तर पिशवीतून गहाणखताची प्रत निघू लागली. "तुमचे मेलेले नातेवाईक झाले की मग जिवंतांकडे बघा," असे वहिनी म्हणत. पण त्याही नकळत माहेरच्या भांड्यांवरची नावे उतरवू लागल्या.

त्या घरात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. आपले मूळपुरुष पानिपतावर पडले, ही ती कथा. मुंजीत, लग्नात, पाहुण्यांसमोर ती सांगितली जात असे आणि सांगताना आवाज थोडा चढत असे. गावातल्या भाऊबंदांच्या लाकडी पेटीत पोस्टमास्तरांना मोडी कागदांची चवड मिळाली. तिच्यातील एक कागद सुहूर सन 'खमस सितैन मया व अलफ' म्हणजे ११६५ चा, इसवी १७६४-६५ मधला. त्यावर मूळपुरुषाचे नाव होते, बापाचे नाव जुळत होते, गाव तेच होते. पानिपतानंतर तीन-चार वर्षांनी हा गृहस्थ जिवंत होता, गावात होता आणि शेताच्या कागदावर नाव घालीत होता.

पोस्टमास्तरांनी आम्हांला सांगितले की त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. घराण्याचा अभिमान ज्या खुंटीला टांगला होता ती खुंटीच निघाली. थोरल्या बंधूंना कळवावे की नाही? कागद पुन्हा पेटीत ठेवून दिला तर कोणाला कळणार होते? मोह मोठा होता. असा मोह ज्याला झाला नाही त्याने हे काम केलेलेच नाही, असे आम्ही म्हणू.

दोन दिवसांनी त्यांनी तोच कागद पुन्हा, अक्षर न अक्षर लावून वाचला. तो तंट्याचा कागद नव्हता. मूळपुरुषाने आपल्या धाकट्या भावाच्या विधवेला अन्नवस्त्रासाठी जमिनीचा एक तुकडा लावून दिला होता. भाऊ पानिपताच्या मोहिमेवर गेला तो परतला नव्हता. त्याला मूलबाळ नव्हते. म्हणून वंशावळीत त्याच्या नावाची फांदी नव्हती. आणि फांदी नाही म्हणून त्याचे शौर्य कालांतराने थोरल्या भावाच्या नावावर जमा झाले होते. त्या विधवेचे नाव कागदात होते, पुढे 'कोम' म्हणून नवऱ्याचे नाव होते. अकरा पिढ्यांच्या वंशावळीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. तिचे तर नव्हतेच.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. नदीकडच्या एका चिंचोळ्या शेताला त्या घरात 'काकूची पट्टी' म्हणत असत. कोण काकू, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाटण्या झाल्या, शेताचे मालक पालटले, तरी नाव राहिले होते. पोस्टमास्तरांनी कागदातल्या चतुःसीमा पाहिल्या. जमीन तीच होती. जिला वंशावळीने विसरले तिला सव्वादोनशेहून अधिक वर्षे एका शेताने लक्षात ठेवले होते.

थोरल्या बंधूंना त्यांनी सारे कळवले. बंधू चार महिने बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात त्यांचे पत्र आले, त्यात एकच प्रश्न होता: काकूंची तिथी सापडली का? तिथी सापडली नाही. पण त्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्या घरात दोन नावे अधिक उच्चारली गेली.

अप्रिय सत्य स्वीकारण्याची तयारी लागते, असे आम्ही आरंभी म्हटले ते याचसाठी. कुलेतिहास हा मानपत्र मिळवण्याचा उद्योग नव्हे. जुन्या कागदांत पराक्रम क्वचित सापडतो. कर्जे, भाऊबंदकी, वेठ, बालविधवा, घर सोडून गेलेली मुले हीच जास्त भेटतात. आपल्या वाडवडिलांनी कोणावर अन्याय केल्याचेही आढळेल. वतनाच्या कागदात आपल्या पूर्वजाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि ज्याने जमीन कसली, विहीर खणली, वेशीची राखण केली त्याचा उल्लेख केवळ जातीने, हेही दिसेल. ते झाकू नये. ज्याला पितृऋण म्हणायचे त्यात हे ऋणही येते. वंशावळ वाचून ज्याची मान केवळ ताठ झाली त्याने ती अर्धीच वाचली आहे.

ज्यांच्या घरी जमीन नव्हती, दप्तर नव्हते, त्यांनी काय करावे? तंजावरच्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा वृत्तांत १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरून घेतला. राजाला भिंत मिळते. परंतु साध्या माणसाचाही माग कधी कधी अनपेक्षित ठिकाणी लागतो. १८३४ पासून गिरमिटावर मॉरिशसला जी माणसे गेली त्यांत कोकणपट्टीतील कष्टकरी पुष्कळ होते. मळेवाल्यांच्या सोयीसाठी सरकारी कारकुनांनी त्यांची नोंद केली: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव. पुढे छायाचित्रेही काढली. ती रजिस्टरे आज मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. गावात ज्यांना कोणी नावाने हाक मारत नसेल, त्यांची एवढी तपशीलवार नोंद त्या काळच्या अनेक जमीनदारांचीही नसेल. त्यांच्या वंशजांना त्या नोंदीवरून गावाचे नाव कळते आणि ते कोकणात येऊन विचारतात, या नावाच्या माणसाचे घर कोणते? तिकडे नोंद आहे. इकडे सांगणारा हवा. जो आपल्या घराची माहिती लिहून ठेवतो, तो अशा दूरच्या भाऊबंदासाठीही दार उघडे ठेवतो. आणि कागद अजिबात नसलेल्या घराने आजच्या आठवणींपासून सुरुवात केली, तर शंभर वर्षांनी तोच पहिला कागद ठरेल.

घाई करण्याचे कारण मात्र आहे. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. वाडा रिकामा करताना भांडी मोडीत जातात आणि कागद रद्दीत. वाळवी, पाऊस आणि अनास्था यांतील पहिल्या दोहोंपेक्षा तिसरीने अधिक दप्तरे खाल्ली आहेत. म्हणून एवढे तरी करावे. वाचता न येणारा एकही कागद टाकू नये. त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, मूळ कागद कोरड्या सुती कापडात ठेवावा, चिकटपट्टी लावू नये. सांभाळणे शक्य नसेल तर संशोधन संस्थेकडे सोपवावा. वही करताना प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे नाव, तिचे माहेर आणि तिच्या आईवडिलांची नावे लिहावीत. मुलींची नावे लिहावीत. निपुत्रिक गेले त्यांची लिहावीत, लहानपणी गेले त्यांचीही लिहावीत.

ही काही आधुनिक सुधारणा नव्हे. महालयात आपण ज्यांना तिलोदक देतो त्यांची यादी ऐकावी. पित्याच्या तीन पिढ्या, मातेच्या, आईच्या माहेरच्या. मग काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, आप्त. आपल्या परंपरेची आठवण आपल्या वंशावळींपेक्षा मोठी आहे. फांदी नसलेल्या काकालाही तिच्यात जागा आहे आणि काकूलाही. वंशावळ छापताना आपणच ती जागा पुसली.

पुढच्या भाद्रपदाला अवकाश आहे. तोवर घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी एक संध्याकाळ बसावे. वही उघडावी, दिनांक घालावा आणि पहिला प्रश्न विचारावा, "तुमच्या आजीचे नाव काय होते?"